कलेजीची खोली

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळे पारा म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की पारा. तिच्या कोटाच्या खिशात कायम थर्मामीटर असायचा हे एक कारण, आणि दुसरं कारण सांगायची गरज नाही. तिला हे नाव माहीत होतं. एकदा रिअ‍ॅक्टरवरचा कामगार शेजारच्याला हळूच म्हणाला, पारा आला. ती तिथेच थांबली आणि त्याला म्हणाली की माझा पारा राहू दे, तुझ्या रिअ‍ॅक्टरचा वर चाललाय, तो आधी खाली आण.

मी तिला वन्सं म्हणते. माझ्या नवऱ्यापेक्षा ती बरीच मोठी. हे अजून शाळेत होते तेव्हा ती एका मोठ्या औषध कंपनीत रसायनशास्त्राच्या विभागात कामाला लागली होती. सासऱ्यांना तिचं केवढं कौतुक. आल्यागेल्याला सांगायचे, माझी मुलगी बाटलीतून औषध काढते. मग ते आजारी पडले, त्यांचा छोटा कारखाना डळमळायला लागला, आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती चांगली नोकरी सोडून आली. तिनं कारखाना उभा केला. सासरे गेल्यावर कळलं की तो सगळाच्या सगळा मुलाच्या नावावर आहे. मुलीला ते एवढंच सांगून गेले होते की धाकट्याला सांभाळ.

तिनं सांभाळलं. ती यांना अजूनही धाकट्या म्हणते. तो राग तिनं गिळला होता, पण पचवला नव्हता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघत होते. कुणी पाहुणा यांना म्हणाला की तुमचा कारखाना छान आहे, की ती ताटातला घास तसाच ठेवून पाणी प्यायची.

हे बोलण्यात हुशार. गिऱ्हाईक आणणं, गोड बोलून काम काढून घेणं, हे यांचं. मी ऑफिस सांभाळायची. फोन, बिलं, आलेल्यांचा चहा. आणि आत जे शिजायचं ते सगळं वन्संचं.

आम्ही दम्यासारख्या आजारावरच्या एका औषधाचा मधला टप्पा बनवायचो. पुढचं मोठ्या कंपन्या करायच्या. लग्नानंतर मी वन्संना विचारलं होतं की तुम्ही नेमकं करता काय. तिनं मला समोर उभं केलं आणि दोन्ही हात बाजूला पसरायला लावले. म्हणाली, आपला पदार्थ असा आहे. दोन बाजूंना दोन हात, अगदी एकसारखे, आणि दोन्ही बांधलेले. आपल्याला एकच हात मोकळा करायचाय. साध्या आम्लानं किंवा अल्कलीनं सोडवायला गेलं तर ते आंधळ्यासारखं काम करतं. कुणाचा डावा सोडतं, कुणाचा उजवा. मग निम्मा माल डावरा, निम्मा उजवा. वजन सारखं, रंग सारखा, पण औषध म्हणून त्यातला निम्माच कामाचा. उरलेला नुसता फुकट नाही, शरीराला त्रास देणारा.

मग तुम्ही काय करता, मी विचारलं.

"डुकराच्या यकृताला विचारते," ती म्हणाली. "त्याला बरोबर कळतं."

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा नव्हती. डुकराच्या यकृतात एक एन्झाइम असतं. आमच्या पदार्थाच्या बाबतीत ते दर वेळी त्याच बाजूचा हात सोडवायचं आणि दुसऱ्याला बोट लावायचं नाही. ही युक्ती काही तिनं शोधलेली नव्हती, पुस्तकात होती. पण पुस्तकातल्या पेल्यात होतं ते रिअ‍ॅक्टरमध्ये आणणं, रोज तसंच आणणं, हे तिचं. त्यात तिचे केस पांढरे झाले.

आवाराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. पांढऱ्या फरशा, स्टीलचं टेबल, एक मोठा मिक्सर, दोन शीतपेट्या. तिला आम्ही कलेजीची खोली म्हणायचो. कत्तलखान्यातून एक माणूस पहाटे काढलेली कलेजी बर्फाच्या पेटीत घालून आणायचा. त्याला सगळे कलेजीकाका म्हणायचे. उशीर झाला, बर्फ कमी पडला, की एन्झाइम मरतं, म्हणून तो रस्त्यात कुठेही थांबायचा नाही. वन्सं ती कलेजी स्वच्छ करायची, चरबी आणि नळ्या काढायची, तुकडे करून बर्फासारख्या गार अ‍ॅसिटोनमध्ये मिक्सरला लावायची, गाळायची, पुन्हा लावायची, आणि वाऱ्यावर सुकवायची. शेवटी रव्यासारखी बदामी रंगाची पावडर उरायची. ती पाण्यात ढवळत ठेवून त्यात आमचा पदार्थ घालायचा. हात सुटत जाईल तसं पाणी आंबट होत जायचं, आणि ते आंबट होऊ नये म्हणून वरून थेंब थेंब अल्कली. थेंबांची मागणी थांबली की समजायचं, काम झालं.

वन्सं स्वतः मांस खात नाही. तिचं तिनं लहानपणीच ठरवलेलं. पहिल्यांदा कलेजी हातात घेतली तेव्हा ती मोरीत जाऊन ओकली होती, हे तिनंच मला सांगितलं. मग तोंडाला फडकं बांधून परत आली. एवढ्या वर्षांत मी तिला नाक मुरडताना पाहिलं नाही. उलट हे. यांनी त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. खोलीवरून जाताना रुमाल नाकाला. जेवताना विषय निघाला की म्हणायचे, ती घाण इथे नको. त्या घाणीवर आमचं घर चाललं होतं, गाडी चालली होती, आणि यांचे पांढरेशुभ्र शर्टही त्यावरच चालले होते.

आमची जुनी गिऱ्हाइकं सगळं माहीत असूनच माल घ्यायची. कुणी कधी हरकत घेतली नाही. मग एका फार मोठ्या कंपनीचा फोन आला. आमच्यासारख्याला ती विचारेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांना सगळं पसंत होतं, एकच अट होती. त्यांचं औषध तऱ्हेतऱ्हेच्या लोकांकडे जातं. कुणाला डुक्कर वर्ज्य, कुणाला कुठलाच प्राणी चालत नाही, आणि शिवाय जनावरांच्या रोगांची भीती. म्हणून बनवण्याच्या कुठल्याही टप्प्यावर प्राण्यापासून काढलेलं काही वापरलेलं चालणार नाही.

मी शेजारीच बसले होते. यांनी एक क्षणही न थांबता सांगितलं की आम्ही फक्त सूक्ष्मजीवांचं एन्झाइम वापरतो. फोन ठेवला आणि हात चोळत हसले. मी म्हटलं, अहो, हे खरं नाही. म्हणाले, तू फोन जोडायचं बघ.

त्या दिवशी जेवताना त्यांनी वन्संना सांगितलं, जसं काही फार मोठी भेट आणली असावी. वन्संनी आधी शांतपणे विचारलं की सूक्ष्मजीवांचं कुठलं एन्झाइम, कारण तिनं बाजारात मिळणारी सगळी करून पाहिली होती. काही दोन्ही हात सोडवायची, काही एकही नाही. ती म्हणाली की शोधता येईल, पण वेळ लागेल. त्यांना सांग की थोडे महिने थांबा, मी करून देते.

हे म्हणाले की ते थांबणार नाहीत. आणि फरक काय पडतो? पावडर आपण गाळून टाकतो, माल चार वेळा धुतो. शेवटच्या गोळीत डुकराचा कण तरी उतरतो का?

"नाही उतरत," वन्सं म्हणाली. "ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग झालं तर."

"धाकट्या, त्यांनी गोळीत काय आहे हे विचारलेलं नाही. कशानं बनवली ते विचारलंय. ज्याला चालत नाही त्यानं ठरवायचं. तू कोण त्याच्या वतीनं ठरवणारा?"

हे हसले. म्हणाले, तू स्वतः दिवसभर त्यात कोपरापर्यंत हात घालतेस आणि दुसऱ्यांच्या सोवळ्याची काळजी करतेस.

वन्संचा आवाज खाली गेला. ती चिडली की आवाज चढत नाही, उतरतो, आणि तेव्हा जास्त भीती वाटते. ती म्हणाली, "मी हात घालते कारण मला माहीत आहे मी कशात घालतेय. मला फसवून कुणी घालायला लावला असता, तर मी त्याचा हात मिक्सरमध्ये घातला असता."

त्यानंतर घरात कुणी धड बोलेना. वन्संनी यांना स्पष्ट सांगून ठेवलं की मी होऊन बोलणार नाही, पण मला विचारलं तर खोटं सांगणार नाही. हे म्हणाले, तुला कोण विचारतंय.

कंपनीची एक तपासनीस बाई कारखाना बघायला येणार असं ठरलं, तशी तयारी सुरू झाली. कलेजीच्या खोलीतला मिक्सर हलवला. स्टीलच्या टेबलावर रिकामे खोके रचले. दारावर 'जुने सामान' अशी पाटी लावली आणि आत वासाचा फवारा मारला. दुकानातून सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमची एक बाटली विकत आणून प्रयोगशाळेच्या फळीवर अशी ठेवली की आत येताच दिसावी. कामगारांना पढवलं. मी हे सगळं बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. पण यांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, सगळेच करतात.

आदल्या दिवशी त्यांनी वन्संना सांगितलं की ताई, उद्या घरी आराम कर. ती अर्थातच आली. नेहमीचा पांढरा कोट, खिशात थर्मामीटर.

तपासनीस बाई शांत, मोजकं बोलणारी होती. हातात पेन, पायात सपाट बूट. यांनी तिला सगळ्यांची ओळख करून दिली. माझी करून दिली. कामगारांची करून दिली. वन्संपाशी आले आणि म्हणाले, "ही माझी मोठी बहीण. आता निवृत्त झालीये. सवयीनं येते अधूनमधून."

मी वन्संकडे बघितलंच नाही. माझी हिंमत झाली नाही. ती काही बोलली नाही. तिला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

हे तपासनीस बाईला घेऊन एकेक गोष्ट दाखवत निघाले. पदार्थाचे दोन हात, त्यातला एकच सोडवणं, हे सगळं त्यांनी वन्संच्या शब्दांत सांगितलं, शब्दाला शब्द. ती एन्झाइमची बाटली हातात घेऊन दाखवली. वन्सं मागून चालत होती. मी तिच्या मागे.

प्रयोगशाळेतून बाहेर पडून सगळे आवारात आलो. तिथून फाटक समोर दिसतं. फाटकाबाहेर कलेजीकाका उभा होता. त्याचा यायचा दिवस होता आणि त्याला येऊ नको असं कुणीच कळवलं नव्हतं. यांनी ते दुसऱ्या कुणावर तरी सोडलं असणार. रखवालदाराला मात्र ताकीद होती की आज कुणालाही आत सोडायचं नाही. म्हणून तो म्हातारा माणूस आपल्या गाडीला पेटी बांधून उन्हात थांबला होता. बराच वेळ थांबला असावा, कारण पेटीखालून लालसर पाणी गळत होतं आणि रस्त्यावर त्याचा ओघळ झाला होता.

तपासनीस बाईनं विचारलं, हे कोण?

कलेजीकाकानं यांना बघितलं आणि ओळखीचा हात वर केला. यांनी त्याच्याकडे बघितलं. मग मान फिरवली. "काय की. चुकीच्या पत्त्यावर आला असेल," ते म्हणाले. "वाटेनं येणारे-जाणारे थांबतात सावलीला."

तिथे सावली नव्हतीच.

कलेजीकाकाचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि टोपी नीट केली, जशी काही टोपीसाठीच वर केला होता. मला आजही ते आठवलं की दात ओठ खावेसे वाटतात. हा माणूस सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे येत होता. माझ्या बाळंतपणात हे बाहेरगावी होते तेव्हा दवाखान्यात मला यानं पोचवलं होतं, त्याच गाडीवरून.

वन्सं फाटकाकडे चालू लागली. रखवालदाराला म्हणाली, उघड. तो यांच्याकडे बघायला लागला. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. स्वतःच अडसर ओढला, बाहेर गेली, कलेजीकाकाची माफी मागितली आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी त्यानं धरली. दोघांनी ती आवारात आणून तपासनीस बाईच्या पायांपुढे ठेवली. वन्संनी झाकण काढलं.

"ही डुकराची कलेजी आहे," ती म्हणाली. "आमचं एन्झाइम यातून येतं. नेहमी यातूनच आलंय. हा माणूस ती आणतो आणि मी त्याची पावडर करते. मी निवृत्त झालेली नाही."

यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या बोलक्या माणसाला मी पहिल्यांदाच असं पाहिलं. तपासनीस बाई वाकून पेटीत बघत होती. तिला किळस वाटली असेल तर ती दिसली नाही. मग तिनं वन्संना प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि वन्सं उत्तरं देत गेली. तिनं 'जुने सामान' लिहिलेलं दार उघडलं, खोके पायानं बाजूला केले आणि टेबल दाखवलं, गाळणी दाखवली, शीतपेटीतली पावडरीची बरणी दाखवली. बोलता बोलता तिचा आवाज उजळला. फार दिवसांनी कुणी तरी तिला तिच्या कामाबद्दल विचारत होतं.

जाताना तपासनीस बाई गाडीपाशी थांबली. म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं." त्यात आभार नव्हते आणि दोषही नव्हता. गाडीचं दार लागलं. ऑर्डर गेली.

वन्संनी पेटीत हात घालून बघितला. सगळा बर्फ वितळला होता. कलेजी कोमट झाली होती, कामातून गेली होती. तिनं मान वर करून यांना एवढंच सांगितलं की हे तू उन्हात मारलंस.

घरी गेल्यावर मात्र भांडण झालं. आमच्या घरात एवढं भांडण कधी झालं नव्हतं. हे म्हणाले की तुला माझं चांगलं बघवत नाही, तुला वडिलांनी काही दिलं नाही त्याचा सूड तू माझ्यावर उगवलास. म्हणाले की चाळीस माणसांच्या पोटावर तू पाय दिलास. तिला हा शेवटचा बोल लागला, मला दिसलं. पण ती मागे हटली नाही. ती म्हणाली की त्या चाळीस माणसांना मी सांगितलं असतं, थांबा, मी नवीन एन्झाइम शोधते, आणि ते थांबले असते. तुला थांबायचं नव्हतं.

"कारखाना माझ्या नावावर आहे," हे ओरडले. "तिथे काय बोलायचं ते मी ठरवीन."

"कारखाना आहे," ती म्हणाली. "माझं तोंड तुझ्या नावावर नाही."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आमच्या आधी पायी निघाली. आम्ही गाडीतून पोचलो तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती, हातात जेवणाचा डबा. रखवालदार जमिनीकडे बघत होता. त्याला सांगितलेलं होतं. मी यांच्याकडे वळून बघितलं. म्हणाले, डोकं थंड होईपर्यंत फक्त. मी म्हटलं, कुणाचं? आणि गाडीतून उतरले. हे गाडी घेऊन आत गेले.

कामगार येत होते. सगळ्यांनी तिला बघितलं. कुणी थांबलं नाही. ज्याला तिनं हाताला धरून काम शिकवलं होतं तो तर फाटकातून जवळजवळ पळालाच. वन्सं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. रागानं तिच्या गळ्याची शीर उडत होती. मी आत गेले, तिच्या खोलीतून तिचा कोट, थर्मामीटर, पुस्तकं आणि तिचं स्वतःचं ते लांब नळीचं यंत्र, ज्यातून प्रकाश किती वळला हे बघून माल डावरा की उजवा ते कळायचं, असं सगळं एका खोक्यात भरलं आणि बाहेर आणून दिलं. हे काचेतून बघत होते. त्यांनी अडवलं नाही, आणि मी अडवून घेतलं नसतं.

त्याच आठवड्यात ती घर सोडून गेली. टायर दुरुस्तीच्या एका दुकानामागे तिनं दोन खोल्या घेतल्या. एकीत राहते, दुसरीत मिक्सर, गाळण्या, शीतपेटी. कलेजीकाका पेटी तिच्याकडे आणू लागला. ती पावडर बनवून महाविद्यालयांच्या आणि छोट्या संशोधकांच्या प्रयोगशाळांना विकते. बाटलीवर ती स्वतः ठळक अक्षरांत लिहिते, डुकराच्या यकृताची पावडर. तिला कुणी तरी सुचवलं की नुसतं यकृत लिहा, बरं दिसतं. त्या माणसाला तिनं पुन्हा बाटली विकली नाही.

मी घर सोडलं नाही आणि ऑफिसही सोडलं नाही. घर माझंही आहे, माझी मुलं त्यात वाढली. पण वन्संकडे जाणं मी थांबवलं नाही आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही.

शीतपेटीतली बरणी संपत आली तसे यांचे हाल सुरू झाले. फळीवर शोभेला ठेवलेल्या बाटलीनं दोन्ही हात सोडवले. एका कामगाराला कलेजी दळायला बसवलं, तर त्यानं अ‍ॅसिटोन गार केलंच नाही आणि मेलेली पावडर हाती आली. जुनी गिऱ्हाइकं माल मागत होती. शेवटी यांनी मला म्हटलं की ताईकडून थोडी पावडर आण, तुला ती नाही म्हणणार नाही.

ती नाही म्हणाली. म्हणाली, मी विकायलाच बसलेय, त्यालाही विकीन. पण त्यानं स्वतः यायचं. दारात उभं राहायचं आणि कशाची पावडर हवी त्याचं नाव घेऊन मागायचं, कलेजीकाकाच्या समोर. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, फार माज आलाय तिला. ते गेले नाहीत. डुक्कर हा शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून या माणसानं बापाचं चालतं काम बंद केलं. आता कारखान्यात फरशी पुसायचं द्रावण बनतं. निम्मी माणसं कमी केली. त्यांची पोटं आता कुणाच्या हिशोबात नाहीत.

हे सगळं मी पोटात घातलं असतं कदाचित. पण पुढे जे कळलं त्यानं वन्संचा उरलासुरला धीर सुटला, आणि माझाही.

मी तिच्याकडे गेले होते, गाळणी धरायला मदत करत होते. कलेजीकाका पेटी ठेवून पाणी पीत बसला होता. बोलता बोलता म्हणाला की हल्ली त्याला बरं काम आहे, गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यातून भरपूर मागणी येते. वन्संनी विचारलं, त्यांना कशाला लागते? तो म्हणाला, तुमच्यासारखंच काही तरी करतात. मागच्या दारानं घेतात, आणि कुणाला सांगायचं नाही असं बजावलंय. पण तुम्ही काय परक्या आहात.

वन्संनी हातातलं काम ठेवलं. त्या कारखान्याचा माल कुणाकडे जातो हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. ती ऑर्डर, जी आमच्याकडून गेली होती, ती तिथे गेली होती. त्याच अटीवर.

तिनं कलेजीकाकाला सांगितलं की त्यांना देणं बंद कर. त्यानं रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही घेता तेवढ्यात माझं घर चालत नाही." तिनं त्याचा पेला पुन्हा भरून दिला आणि फोन उचलला.

तपासनीस बाईचा नंबर तिच्याकडे होता. तिनं सगळं सांगितलं. कुठला कारखाना, कुठलं दार. पलीकडून बाईचा तोच मोजका आवाज ऐकू येत होता. प्राण्याचं काही वापरत नाही असं त्यांनी लिहून दिलंय, बाई म्हणाली. आमची तपासणी झाली, त्यात काही आढळलं नाही. आमच्यासाठी तेवढं पुरे आहे.

वन्सं म्हणाली, "तुम्हाला दाखवलं नसेल. आमच्याकडेही तुम्हाला बाटलीच दाखवली होती." तोवर फोन ठेवलेला होता.

ती खुर्चीत बसून राहिली. मग एकदम म्हणाली की ती गोळी कुणी तरी विश्वासानं तोंडात टाकतंय, आणि त्याला विचारायची गरज कुणालाच वाटत नाही, ना धाकट्याला, ना त्या बाईला. तिचा आवाज पार तळाला गेला होता.

तेव्हापासून ती त्या कंपनीला फोन करते. रोज, मनात येईल तेव्हा. आधी तपासनीस बाईला करायची, तिनं घेणं बंद केल्यावर तिच्या वरच्यांना, मग त्यांच्याही वरच्यांना. तिकडच्या ऑपरेटर मुलींना आता तिचा आवाज पाठ झालाय. नंबर ओळखून फोन लागेनासा झाला तेव्हा मी माझा फोन तिच्यापुढे केला. आता मीही बोलते. मला रसायन कळत नाही, पण पेटीत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं मला सांगता येतं.

परवा जेवताना माझा फोन टेबलावर वाजला. यांनी तो नंबर बघितला आणि ओळखला. एकेकाळी दिवसातून दहा वेळा त्याच नंबराची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, ते कंपनीवाले तुला का फोन करतायत? मी सांगितलं, आम्ही रोज त्यांच्या मागे लागतो म्हणून. कोण आम्ही, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी आणि वन्सं. आज पहिल्यांदा त्यांनी होऊन फोन केलाय, तर मला बोलू द्या.

हे अर्धं ताट टाकून उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी फोन घेऊन बाहेर आले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, आमच्या दारावरच्या 'जुने सामान' या पाटीसकट, यांच्या नावासकट. सांगून झाल्यावर आत आले. ताट तसंच होतं. मी ते उचललं नाही.